नवा निळ्या आणि आमचा वीर

फाल्गुनातली दुपार मला आवडत नाही. सरळ सांगून टाकते, कारण या दिवसांवर लिहायला बसलेला माणूस पळसापासून सुरू होतो, मोहरापाशी येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा ऋतू सगळ्यांनाच गोड लागतो. आमच्या जुन्या नाशकात फाल्गुनातल्या दुपारी वारा एकदम पडतो. गल्लीत चिटपाखरू नसतं. द्राक्षांच्या गाड्यांचा आंबूस वास तेवढा घरात येऊन बसतो. आणि कुठूनतरी हलगीचा एकच ठोका ऐकू येतो, कुणीतरी ती तापवून बघत असल्यासारखा. दुसरा ऐकावा म्हणून कान द्यावा, तर काही नाही.

यंदा तो ठोका ऐकू आला तेव्हा मी दहावीच्या पेपरची ड्युटी करून नुकतीच घरी आले होते. मी शाळेत शिकवते. मार्च महिना म्हणजे हॉल तिकिटावरचा फोटो आणि बाकावरचं पोरगं एकच आहे का, हे बघत वर्गातून फिरायचं. फोटो सहा महिन्यांपूर्वीचा असतो, तेवढ्यात मिसरूड फुटलेलं असतं, गाल बसलेले असतात. मी दोनदा बघते. पोरं बिचारी घाबरून आपला चेहरा फोटोसारखा करायला जातात. त्या दिवशी असे पस्तीस चेहरे तपासून आले आणि चप्पल काढते न काढते तोच टेबलावर मंदारचा फोन थरथरला.

मंदार माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्याचा फोन मी चालू ठेवलाय, चार्ज करते, रिचार्ज मारते. का, ते विचारू नका. आईनंसुद्धा विचारलेलं नाही.

फोनवर त्याच्या ग्रुपचा नुसता धुमाकूळ चालला होता. ग्रुपचं नाव 'निळ्याची पोरं'. निळ्या म्हणजे एका परदेशी सिनेमातला उडणारा नायक. त्याचं खरं नाव हे एवढं लांब. निळी झूल पांघरून उडतो, म्हणून मंदारनं त्याचं निळ्या करून टाकलं आणि जिल्ह्यातल्या तीसेक पोरांनी ते उचललं. या निळ्याचे आणखी दहाबारा जोडीदार आहेत. प्रत्येकाचे सिनेमे वेगळे, पण जग सगळ्यांचं एकच. एकाच्या सिनेमात पडलेला पूल दुसऱ्याच्या सिनेमातही पडलेलाच दिसतो. मंदार म्हणायचा, "एका चाळीतले भाडेकरू गं तायडे. एकानं खाली नळ सोडला की वरच्याचं पाणी जातं."

तर त्या चाळीत निळ्या आता पहिल्यापासून सुरू होणार होता. नट नवा, झूल नवी, आणि आजूबाजूचे सगळे तेच जुने. मे महिन्यात सिनेमा, आणि त्या दुपारी त्याची दोन मिनिटांची झलक आली होती. मी उभ्याउभ्याच बघितली. जुन्या निळ्यानं ज्या मित्राला दोनदा मरणाच्या दाढेतून ओढून आणलं होतं, तोच मित्र झलकेच्या शेवटी नव्या निळ्याकडं बघतो आणि शांतपणे विचारतो, "तू कोण?"

ग्रुपवर सटाण्याच्या पोरानं अहिराणीत लिहिलं होतं, 'भो, हाऊ तो नही शे', म्हणजे हा तो नव्हेच. घोटीच्यानं लिहिलं, 'दिसाया लय भारी हाय, पण आपला नाय.' मालेगावचा फैजान, मंदारचा सगळ्यात जवळचा दोस्त, त्याचा प्रश्न वेगळाच होता. 'शकल बदलली, ठीक आहे. पण बाकीच्यांना जुना याद कसा नाही? मग जे झालं ते झालंच नाही का?'

हाच प्रश्न मंदारनं चार वर्षांपूर्वी विचारला होता. तेव्हा नुसती कुजबुज होती की निळ्या नव्यानं करणार. किती तणतणला होता! पोळी अर्धी टाकून उठला. आई म्हणाली, "अरे, त्या निळ्याच्या बापाचं काही अडलंय का तुझ्यावाचून? जेव आधी."

मंदारची आणि निळ्याची गाठ परीक्षेच्याच दिवसांत पडली. तो आठवीत, मी बारावीत. वडील आधीच गेलेले, आई दिवसभर कामावर. तिला वाटायचं मी त्याला गणित शिकवतेय. आम्ही दारंखिडक्या लावून भाड्याच्या सीडीवर निळ्याचा पहिला सिनेमा बघत होतो. ऐन मारामारीत वीज गेली. टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसायला लागलो. मंदार काचेकडं बघत हळूच म्हणाला, "तायडे, त्यात तीन जण दिसतायत." मी गुद्दा घातला. तो खो खो हसला, पण काचेवरची नजर काही त्यानं काढली नाही. वीज येईपर्यंत मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. बारावीला चांगले मार्क मिळाले, ते कसे मिळाले देव जाणे.

नाशकाबाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. धुळवडीला आमच्याकडं रंग खेळत नाहीत, रंग रंगपंचमीला. धुळवड असते वीरांची. घरातलं कुणी अकाली, लग्नाआधी, अपघातानं गेलं की त्याचा वीर होतो. त्याचा टाक करतात, म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती, आणि ती देव्हाऱ्यात बसते. धुळवडीच्या दुपारी घरातला एक जण फेटा बांधून, टाक हातात घेऊन निघतो. होळीभोवती नाचतो, गोदावरीवर टाकांना अंघोळ घालतो आणि घरी येतो. त्या दिवशी गोदाकाठी गावभरचे वीर जमतात. सगळ्या घरांतले गेलेले लोक एका दुपारी एका घाटावर. लहानपणी मला त्या गर्दीत धक्का लागला तरी भीती वाटायची, की हा धक्का जिवंत माणसाचा का दुसऱ्या कुणाचा.

आमच्या देव्हाऱ्यात थोरल्या वीरांचा टाक होता. आजोबांचे धाकटे भाऊ, विहिरीच्या कामावर गेले ते परत आले नाहीत. त्यांचा फोटो नाही. ते कसे दिसायचे हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. वडील गेल्यावर सहा वर्षांच्या मंदारच्या हातात टाक आला. पहिल्याच वर्षी मी गर्दीतून त्याला हाक मारली, "मंद्या, चिंच खातो का?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिला. ओळखीची एक खूण नाही डोळ्यांत. मी भोकाड पसरलं.

आई म्हणाली, "नावानं हाक मारायची नसते गं. टाक देव्हाऱ्यात बसेपर्यंत तो मंदार नाही."

"मग मंदार कुठंय?"

"मागून येतोय," आई म्हणाली.

मी किती वेळ मागं वळून बघत होते. रस्ताभर माणसं होती, त्यात मंदार नव्हता.

परत आल्यावर आमच्या घरची एक रीत आहे. घरातली बाई तांब्या घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहते आणि विचारते, "कोण आलं?" टाक आणणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगायचं नाही, वीराचं सांगायचं. मग ती पायांवर पाणी घालते आणि आत घेते. एकवीस वर्षं आई विचारायची आणि मंदार सांगायचा, "थोरले वीर आले." सहाव्या वर्षी चिरक्या आवाजात, मग फुटलेल्या आवाजात, मग भरदार. उत्तर तेच.

म्हणून तो निळ्यावरून तणतणला तेव्हा मी चिडवलं होतं. "तू तरी काय वेगळं करतोस? थोरल्या वीरांचा नवा चेहराच ना तू?"

तो एकदम शांत झाला. म्हणाला, "चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस तायडे? चेहरा बदलू दे, दहादा बदलू दे. पण मी दारात आल्यावर असं म्हणतो का, की माझ्याआधी कुणी नव्हतंच? मी त्यांचं नाव सांगतो. आई ओळख दाखवते. तेवढ्यावर ते येतात. हे लोक काय करतायत, तर सगळ्यांची ओळखच पुसून टाकतायत. ज्याला कुणी ओळखत नाही तो नुसता फिरत राहणार ना मग. घरात कसा येणार?"

दुसऱ्या वर्षी होळीच्याच दिवशी तो गेला. विंचूरकडं एक मशीन दुरुस्त करायला गेला होता. भर दुपारी आईनं फोन केला, "पुरण शिजलंय, लवकर ये." तो म्हणाला, "हा निघालोच." विंचूरच्या अलीकडं कांद्याचा ट्रॅक्टर वळला आणि मंदारची स्कूटर वेगात होती. एवढंच. यापलीकडं मला लिहिता येत नाही.

त्या दिवसापासून आईनं त्याचं नाव घेतलेलं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. आणि 'लवकर ये' हे शब्दही तिच्या तोंडून गेले. मी शाळेला निघाले की आधी म्हणायची, "लवकर ये गं." आता नुसती दारात उभी राहते. वीरही निघाला नाही. थोरल्या वीरांच्या टाकाला घरातच पाणी घालायचो.

यंदा आत्या आली. वडिलांची बहीण, बोलायला एक घाव दोन तुकडे. म्हणाली, "तीन वर्षं झाली. टाक कधी करणार? पोरगं दारात तिष्ठत उभं असंल."

आई भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"आणि वीर घेणार कोण? पुण्याच्या चुलतभावाचा पोरगा बोलावून घेऊ. दहा वर्षांचाय, चुणचुणीत आहे."

"त्यानं मंदारला कधी पाहिलंसुद्धा नाही," मी म्हटलं.

"मग? तू घेणार? बाईमाणसानं वीर घ्यायचा? असं कुठं असतं का? लोक काय म्हणतील?"

लोकांचं मला काही नव्हतं. मला धास्ती होती ती मंदारची. नव्या चेहऱ्यावर एवढा तापणारा माणूस. तो माझ्या हातात येईल का? की मी आपली रिकामा पत्रा घेऊन गावभर नाचून येईन? आणि तो तसाच राहील, बाहेर, दुपारच्या उन्हात? खरं सांगते, त्या आठवड्यात मी दाराकडं पाठ करून बसू शकले नाही.

तेवढ्यात आई भाजीवरून मान न उचलता म्हणाली, "ती घेईल."

टाक करायला मी सराफ बाजारात गेले. तिथले एक म्हातारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या टाक करतात. विचारलं, "घोड्यावर का पायी?" मी स्कूटरवर म्हणणार होते, जीभ चावली. घोड्यावर म्हटलं. त्यांनी पितळी साचा काढला, पत्रा वर ठेवला आणि ठोकायला लागले. घोडा उठला, तलवार उठली, मग चेहरा. दोन ठिपके डोळ्यांचे, एक रेघ तोंडाची.

"काका, सगळ्यांना हाच चेहरा?"

"हाच. माझ्या आजाचा साचाय. गावातले निम्मे वीर यातून निघालेत."

घरी आणून मी तो टाक थोरल्या वीरांच्या शेजारी ठेवला. झीज सोडली तर दोन्ही चेहरे सारखे. तिकडं नाव तेच ठेवून चेहरा बदलतात, इकडं नावं निराळी आणि चेहरा एक. पण मला तो एक चेहरा बघवेना. दोन ठिपक्यांत मंदार शोधायचा म्हणजे काय करायचं? झाकण्यासाठी फडकं शोधत मी त्याचं कपाट उघडलं, तर वरच त्याची निळी झूल. कॉलेजात असताना शिंप्याकडून शिवून घेतलेली, पहिल्या शोला पांघरून गेला होता. तिचाच एक कोपरा कापला. आईनं बघितलं.

आणि आता माझ्या हातून झालेली एक चूक. झलक आली त्या दुपारचीच. ग्रुपवर कुणा नव्या पोरानं लिहिलं, 'जुना निळ्या गेला, विसरा आता. नव्याला चान्स द्या.' माझं डोकंच फिरलं. मी ताडकन टाइप केलं, 'विसरा सांगणारा तू कोण रे?' आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर लक्षात आलं की हा फोन माझा नाही. तीस जणांच्या हातात तो निरोप मंदारच्या नावानं गेला होता, शेजारी त्याचा निळी झूल पांघरलेला, दात काढून हसणारा फोटो.

ग्रुप गप्प झाला. नुसता गप्प नाही, कुणाचं 'टाइप करतोय'सुद्धा नाही. दुपारच्या अडीच वाजता तीस माणसं श्वास धरून बसलीत असं मला वाटलं. पुसून टाकावं तर बोट चालेना. मग फोन वाजला. फैजान.

मागं यंत्रमागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. मग अगदी हळू, "ताई... तुम्ही आहात ना?"

"मीच रे बाबा, मीच. चुकून गेलं. पुसते."

"नका पुसू." त्याचा आवाज चिरकला. "ताई, एक बोलू? ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं की तेव्हाच टिक निळी होते. तीन साल झाले, रोज निळी होतेय. म्हणजे मंदारकडं कुणीतरी वाचतंय. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी पूछा नाही. डर वाटायचा, पूछा तर बंद होईल."

मी रडले. दोघंही रडलो म्हणा ना. मग मी त्याला धुळवडीचं सांगितलं. तो म्हणाला, "कितने बजे?"

धुळवडीला दुपारी तीनला दारात पाच जण उभे होते. सटाण्याचा, घोटीचा, विंचूरचे दोघं आणि फैजान. प्रत्येकाच्या मनगटाला निळा रुमाल. आत्या कुजबुजली, "हे कोण गं सगळे?" आईनं त्यांना पन्हं दिलं. त्यांच्या निळ्या रुमालांकडं ती बराच वेळ बघत होती.

मी फेटा बांधला. वाटीत दोन टाक, खाली निळं फडकं. हलगी सुरू झाली. होळीच्या राखेतून अजून धग येत होती. पहिल्या फेरीला मी चोरासारखी नाचले. लोक बघत होते, दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्याही. तिसऱ्या फेरीला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. अंगात आलं असं मी म्हणणार नाही, तसल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. एवढंच, की मंदार नाचताना डावा खांदा उडवायचा, आणि माझा डावा खांदा उडत होता. मी उडवत नव्हते. मागं फैजानचे हात टाळी वाजवता वाजवता थांबले, ते मी ऐकलं.

घाटावर पाणी उथळ होतं. फैजान आमच्या चपला सांभाळत पायरीवर बसला. मी टाक पाण्यात धरले. दोन ठिपके आणि एक रेघ, वरून पाणी वाहतंय, आणि चेहरा हलतोय. क्षणभर दात काढून हसल्यासारखा झाला. कुणाला सांगू नका, मी त्याला म्हटलं, "चल रे घरी."

परतीच्या वाटेवर कुणी माझ्याशी बोललं नाही, रीतच आहे. गल्ली तीच, ओळखीची दारं, पण त्या दारांतल्या बाया माझ्याकडं मी कुणी दुसरीच असल्यासारखं बघत होत्या. एका ठिकाणी मला वाटलं मागून कुणीतरी चालत येतंय, माझ्याच पावलांनी. मी वळले नाही.

आई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. मागं आत्या. मी पायरीखाली थांबले.

"कोण आलं?" आईनं विचारलं.

"थोरले वीर आले."

आईनं पाणी घातलं नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"आणि?"

"मंदार आला."

आईनं पाणी घातलं. हळूहळू, सगळा तांब्या रिकामा होईपर्यंत. मग ओल्या हातानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. "मंद्या," ती म्हणाली. तीन वर्षांनी. "किती उन्हाचं आलास रे. ये, आत ये." आत्यानं तोंडाला पदर लावला. मागं पाचही पोरं हुंदके देत होती. तो आला होता, आईनं ओळखलं होतं, आणखी काय पाहिजे होतं मला?

मी उंबरा ओलांडणार, तेवढ्यात आईनं माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघितलं. बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत मी नव्हते.

"आणि ताई कुठंय रे?"

रीत पाळत होती, की खरंच विचारत होती, मला आजही माहीत नाही. आई, मी इथंच आहे, समोर, असं ओरडावंसं वाटलं. हातातली वाटी जड झाली होती. टाक अजून देव्हाऱ्यात बसले नव्हते.

"मागून येतेय," मी म्हटलं.

आईनं मान डोलावली. रिकामा तांब्या उराशी धरून ती रस्त्याकडंच बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "तिला म्हणावं, सावकाश ये."